बिनविरोध शेवंताबाई

नरडाण्याच्या स्टेशनावरून काळी-पिवळी जीप धरली की थोड्याच वेळात आंबळखेड्याची कमान येते. कमानीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलंय, ‘बिनविरोध गाव, एकीचं गाव’. परवापर्यंत खाली तीन ओळी होत्या, ज्या-ज्या निवडणुकीत गावाने मतदान होऊ दिलं नाही त्या सालांच्या. रंगाऱ्याने शहाणपणाने खाली आणखी एका ओळीची जागा मोकळी सोडली होती. या तीनपैकी मधली ओळ शेवंताबाईची. त्या पाच वर्षांत शेवंताबाई पितांबर मालचे या गावच्या सरपंच होत्या, आणि त्यांना कोणाचंही, अगदी नवऱ्याचंसुद्धा, मत पडलेलं नव्हतं.

तेव्हा सरपंचपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी आदिवासी महिलेच्या नावाने निघाली, आणि पारावरच्या मंडळींची पंचाईत झाली. गावात आदिवासी म्हणजे नाल्यापलीकडची भिलाटी. तिथली माणसं पाटलांच्या शेतावर कामाला, कोणी रोजाने, कोणी सालाने. जीवराम आबा पाटील संध्याकाळी स्वतः भिलाटीत आले. शेवंताबाई डोक्यावरून सरपणाची मोळी उतरवत होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं, पितांबरकडे पाहिलं, म्हणाले, “सरपंचकीले हाई चाली जाई.” पितांबर आबांचाच सालदार, वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. तो काय बोलणार?

“माले काय समजस त्यामाइन, आबा?” शेवंताबाईने विचारलं.

“तुले काहीच करनं नई शे. सही करनी, बस.”

मग शाळेतल्या गुरुजींनी तिला सही शिकवली. ‘शेवंता’ लवकर जमलं, ‘मालचे’तला ‘च’ बरेच दिवस उलटा पडायचा. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तिने झेंड्याची दोरी ओढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, ग्रामसेवकाने पेढा दिला, आणि ती घरी येऊन चांगलं लुगडं घडी घालून ठेवून आबांच्या कपाशीत निंदायला गेली. सरपंच शेतात वाकलेली आहे याचं कोणाला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही वाटलं नाही. रोज बुडवून कसं चालेल?

पण एकदा ती बोलली. गावाच्या टाकीपासून पाण्याचा पाइप टाकायचं काम निघालं होतं. नकाशावर पाइप नाल्याअलीकडच्या कडुलिंबाच्या झाडापाशी येऊन थांबत होता. भिलाटी लिंबापलीकडे. बायका आबांच्या गोठ्याजवळच्या नळावर हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, गुरांचं पाणी झालं की यांचा नंबर. सभेत सगळे माना डोलावत असताना शेवंताबाईच्या तोंडून निघून गेलं, “आबा, पाइप थोडा आमनाकडे येऊ द्या ना.”

आबा रागावले नाहीत. ते सहसा रागावत नाहीत. हसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तुले कोनी मत दिधं व शेवंता? आम्हीन बसाडं तुले.”

सभा हसली. ग्रामसेवकही हसला, मग त्याने कागद तिच्यासमोर सरकवला, आणि तिने सही केली. ‘च’ त्या दिवशी सुलटा पडला.

आबांचं हे वाक्य तिच्या पोटात राहिलं. सरपंचपद संपलं, दुसरी बाई आली, तीही बिनविरोध. पोरगा समाधान सुरतेला कापडाच्या मिलमध्ये गेला, पितांबरची कंबर वाकली, पण ते वाक्य जिथल्या तिथे. नळावर रांगेत उभं असताना तर ते हमखास वर यायचं. तिला अपमानापेक्षा जास्त टोचायचं ते हे, की आबा खरं बोलले होते. तिच्याकडे उत्तर नव्हतं. कोणी मत दिलं होतं तिला?

आता कोणी म्हणेल, या गावात मतदानच होत नाही की काय? होतं की, दणक्यात होतं. लोकसभा आली, विधानसभा आली की भिलाटीत दिवसातून चार जीपा येतात. ‘मावशी’ काय, ‘माय’ काय! म्हाताऱ्यांना उचलून गाडीत बसवतात. शाळेपुढे मांडव, प्यायला गार पाणी, दाराशी पोलीस. शेवंताबाईने एकही मतदान चुकवलेलं नाही. बोटावरची शाई आठ-पंधरा दिवस टिकते, आणि तेवढे दिवस तिला भाकरी थापताना ते बोट उगीच जरा वर धरावंसं वाटतं. दिल्लीत कोण बसणार ते तिला विचारतात. मुंबईत कोण बसणार तेही विचारतात. नाल्यापलीकडे पाणी कोण सोडणार हे मात्र पारावर ठरतं, आणि पारावर बायका चढत नाहीत.

या खेपेला चिठ्ठी पुन्हा आदिवासी महिलेचीच निघाली. पारावर बैठक झाली. बिनविरोध गावाला सरकारकडून काही मिळतं, आमदारांनीही मंदिराजवळ सभामंडप कबूल केलेला, त्यामुळे चर्चा फक्त नावाची. भिलाटीतलीच, आबांच्या ट्रॅक्टरवाल्याची बायको सुलक्षणा ठरली. शाळा शिकलेली, सही शिकवायची दगदग नाही, आणि डोळे वर करून बोलत नाही.

शेवंताबाईला हे सुलक्षणानेच सांगितलं, कपाशी वेचताना. पोरगी बिचारी निम्मी खूश, निम्मी घाबरलेली.

“काकू, तू करेल शे ना सरपंचकी. काय करनं पडस?”

“काहीच नई,” शेवंताबाई म्हणाली. “सही करनी, बस.”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. आबांचंच वाक्य तिच्या तोंडून निघालं होतं. आता ही पोर पाच वर्षं गप्प बसेल, एखाद्या दिवशी चुकून बोलेल, आणि तिलाही तेच ऐकून घ्यावं लागेल. शेवंताबाईने दिवसभर मान खाली घालून कापूस वेचला.

दुसऱ्या दिवशी अंग दुखतंय म्हणून ती कामावर गेली नाही. मागच्या वेळचे जातीचे कागद ट्रंकेत होतेच. ते पिशवीत घातले, समाधानने सुरतेहून पाठवलेले थोडे पैसे कनवटीला लावले आणि नरडाणं गाठलं. तिथे स्टेशन रोडला नईमभाईंचं ऑनलाइन सेंटर आहे. विम्यापासून पॅनकार्डापर्यंत सगळ्या गावांची कामं तिथेच होतात. नईमभाईंनी कागद पाहिले, चष्मा कपाळावर चढवला.

“अक्का, आबांना माहीत आहे का हे?”

“नई.”

“मग निवडून कशा येणार?”

“जितानं नई शे माले, भाऊ. मत पाहिजे. पाच-सात पडनात तरी चाली जाई.”

“पाच-सात मतांचं काय करणार?”

शेवंताबाईला नीट सांगता येईना. ती म्हणाली, “कोनी इचारं का तुले कोनी मत दिधं, ते सांगता येवाले पाहिजे.”

 नईमभाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. अर्ज भरून झाल्यावर त्यांनी चहा मागवला. असा चहा ते गिऱ्हाइकाला पाजत नाहीत.

अर्ज छाननीत टिकला आणि गावात बोभाटा झाला. एकीच्या गावात दुसरा अर्ज! आबा पुन्हा भिलाटीत आले, खाटेवर बसले, पाणी मागून प्याले.

“शेवंता, तुनं काही चुकनं नई. कायद्याना हक्क शे तुना. पन गावनी एकी मोडी जाई ना व.”

“मतदान व्हयनं ते एकी कशी मोडस, आबा? दिल्लीनं व्हस तव्हय नई मोडत.”

आबा हसले. “तू आते बोलाले शिकनी,” असं म्हणून उठले. जाताना पितांबरच्या खांद्यावर हात ठेवून नुसतं विचारलं, “आखाजीले साल संपस ना तुनं?” एवढंच. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यात धमकी कुठे होती? कोणी दाखवून द्यावी.

पितांबर भांडला नाही. भांडण्याइतका जोर त्याच्यात राहिलेलाही नव्हता. सकाळी गोठ्यावर जायच्या आधी उंबऱ्यावर बसून तो म्हणाला, “माले काय, मी तुले मत दी टाकसू. पन आखाजीनंतर काय खासूत, ते तू सांग.”

 ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. भिलाटीतले दोन-तीन कर्ते गडी येऊन गेले. सुलक्षणाचा नवरा तर हात जोडून गेला. काकू, कशाला उगीच, आपल्याला त्यांच्याच शेतात जायचं आहे. सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं. कोणाचंच चूक नव्हतं, म्हणून तर ती इतकी दमली. शत्रू असता तर दोन शिव्या तरी देता आल्या असत्या.

आणि तरी त्या आठवड्यात काहीतरी होत होतं. कपाशीच्या ओळीत शेजारी वाकलेली एखादी बाई मान वर न करता पुटपुटायची, “काकू, मी तुलेच देसू. पन कोनले सांगू नको बरं.” पुढच्या ओळीत दुसरी तेच म्हणायची. नळावर तिसरी. मंदाबाई पाटलीण, विधवा, स्वतःचं तुकडाभर रान पुरत नाही म्हणून लोकांचा कापूस वेचायला येते, नात्याने आबांची चुलत भावजय. तिने तर हंडा डोक्यावर ठेवताना शेवंताबाईला हात दिला आणि कानाशी म्हणाली, “पेटीमा कोनले दिसस व? दी टाक म्हंतस मी बठ्ठ्या बायासले.”

शेवंताबाईला वाटलं, पाच-सात काय, पुष्कळ पडतील. कदाचित भिलाटीतली निम्मी, कदाचित जास्त. मग हंडा डोक्यावर घेऊन ती घरापर्यंतची वाट कशी चालली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिला आनंद झाला होता, साधा, निर्मळ आनंद, लग्नाच्या वयातल्या पोरीला होतो तसा. ट्रंकेतून चांगलं लुगडं काढून तिने दोरीवर उन्हात टाकलं. मतदानाच्या दिवशी ते नेसायचं ठरवलं.

अर्ज मागे घ्यायचा दिवस आला. शिंदखेड्याला तहसील कचेरीत दुपारी तीनपर्यंत मुदत. आबांची जीप सकाळीच भिलाटीत उभी राहिली. आबा म्हणाले, “चाल शेवंता. कोनी जबरदस्ती करत नई. तथाच बोलूत.” तीही बसली. तिला वाटलं, आपण समोर असलो म्हणजे आपल्या नावाने भलता कागद कोणी देणार नाही. एवढी अक्कल तिला पाच वर्षांच्या सह्यांनी आली होती. शेजारी सुलक्षणा बसली होती, नवी साडी, नवी चप्पल. जीपच्या मागच्या बाजूला गुलालाचं पोतं होतं आणि हाराची पिशवी.

कचेरीच्या आवारात गावोगावची गर्दी. प्रत्येक झाडाखाली एकेका गावाचं मन वळवणं चाललं होतं. आबांनी तिला लिंबाखाली बसवलं, भजी मागवली. समजुतीच्या सगळ्या गोष्टी सांगून झाल्या. सभामंडप सांगून झाला, गावची इज्जत सांगून झाली. शेवटी आबांनी पाइपही काढला, “तुना पाइप टाकी देसूत, मंग ते व्हयनं?”

इथे मात्र ती डळमळली. पाइप म्हणजे काय लहान गोष्ट होती? पण तिला लिंबाचं झाड आठवलं, आणि ती सभा आठवली. आज अर्ज मागे घेतला तर उद्या पाइप का टाकला नाही म्हणून विचारायला ती कोणत्या तोंडाने जाणार होती?

“मत पडू द्या, आबा,” ती म्हणाली. “मी हारसू. मंग टाका पाइप.”

आबांनी घड्याळ पाहिलं. पारावरच्या दोघांना घेऊन ते जीपमागे गेले. बोलणं झालं, मोबाइलवर कोणाशी तरी बोलणं झालं. मग त्यांनी सुलक्षणाला हाक मारली. सुलक्षणा आणि तिचा नवरा आत गेले. शेवंताबाई भज्यांचा कागद हातात घेऊन बसली होती. पोरीला काही सही राहिली असेल, असं तिला वाटलं. सुलक्षणा बाहेर आली ती डोळे पुसतच. नवऱ्याने तिला जीपमध्ये बसवलं.

तीन वाजले. निवडणुकीच्या साहेबांनी एकेका गावाचं नाव वाचायला सुरुवात केली. आंबळखेड्याचं नाव आलं. “सरपंचपदाचा एक अर्ज मागे, वैध अर्ज एकच शिल्लक. शेवंताबाई पितांबर मालचे. बिनविरोध.”

गुलालाचं पोतं फुटलं. सुलक्षणासाठी आणलेला हार शेवंताबाईच्या गळ्यात पडला. तो उंच पोरीच्या मापाने घेतलेला होता, हिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होता. पोरं ओरडत होती, फोटो काढत होती. ती गर्दीतून वाट काढत टेबलापाशी गेली.

“साहेब, मतदान कवय शे?”

साहेब दिवसभर गावं वाचून कंटाळले होते. “आजी, आता मतदान नाही. तुम्ही निवडून आलात.”

“कोनी निवडी?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. पण पुढच्या गावाचा गठ्ठा उघडा होता आणि माणसं अंगावर येत होती. “अभिनंदन, आजी. जरा बाजूला व्हा,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर आबा पुढच्या सीटवरून मागे वळून बोलत होते. कपाळाला गुलाल, आवाजात माया.

“तुले सरपंच व्हनं व्हतं ना? व्हयनी. खुर्चीवर तू बस का सुलक्षणा बस, माले काय फरक पडस? पन मतदान नको व माय. एकडाव लोकेसले चस्का लागना ना, मंग दर साले मांगतीन.”

 सुलक्षणा शेवंताबाईच्या शेजारी बसून नव्या चपलेचा पट्टा चाळवत होती. दोघींचं एकमेकींशी काही वाकडं नव्हतं. शेवंताबाईने गळ्यातला हार काढून पोरीच्या मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने पोरीने तो पायाशी ठेवून दिला.

आठवड्याभरात रंगारी आला आणि कमानीवर चौथी ओळ लिहून गेला.

मग ती तारीख आली, ज्या दिवशी मतदान व्हायचं होतं. शाळेत दुसरीची पोरं पाढे म्हणत होती. दाराशी पोलीस नाही, मांडव नाही. लुगडं ट्रंकेतच राहिलं. कपाशीची दुसरी वेचणी आली होती, आणि सरपंच शेवंताबाई आबांच्या शेतात ओटी बांधून उभी होती. पितांबर बांधावर गुरांना पाणी पाजत होता. त्याचं साल आता सुरक्षित होतं, तेवढं एक बरं झालं होतं.

दुपारी बायका बाभळीखाली भाकरीला बसल्या. कोणीतरी चटणी पुढे केली, कोणी कांदा फोडला. मंदाबाई मध्येच म्हणाली, “आज व्हतं ना व मतदान?”

बायका भाकरी मोडत राहिल्या. मग मंदाबाईच म्हणाली, “मी तुलेच देणार व्हतू, शेवंता.”

“मी बी,” दुसरी म्हणाली.

“मी ते घरमा सांगेल बी नव्हतं. तुलेच टाकणार व्हतू.”

“आमनी सासूबी देणार व्हती. तिले म्या तुनं नाव समजाडी ठेवेल व्हतं.”

एकेक करत सगळ्या बोलल्या. सुलक्षणा सगळ्यांत शेवटी, अगदी हळू म्हणाली, “काकू, मीबी तुलेच दिधं असतं.”

 शेवंताबाईचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. इतक्या वर्षांनी तिला उत्तर मिळालं होतं, नावानिशी, तोंडावर. बाभळीखालीच तिचं मतदान झालं होतं आणि ती निवडूनही आली होती. तिने पदराने डोळे पुसले, बांधापलीकडे आबांची मोटारसायकल उभी होती तिकडे पाहिलं, आणि विचारलं, “मंग आबाले सांगू का?”

मंदाबाईने भाकरीचं फडकं बांधायला घेतलं. कोणी पाण्याचा तांब्या शोधू लागली. सुलक्षणा उठून आधीच ओळीत गेली होती. एकेक करत सगळ्या उठल्या, ओट्या सावरल्या आणि खाली माना घालून कापूस वेचायला लागल्या. शेवंताबाईने उरलेली भाकरी खाल्ली, वर पाणी घेतलं, आणि आपली ओळ धरली.